पालथी चिठ्ठी आणि रॅपरची बहार

फुटके क्रेट कुणी मुद्दाम जमवत नाही. ते शेडच्या कोपऱ्यात आपोआप साचतात आणि एक दिवस बघावं तर छताला टेकलेले असतात. किश्श्यांचंही तसंच आहे. त्यात मला रोज लिहून ठेवायची सवय, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साचलेत!

आधी मंडळी सांगतो. चिखले गावात आमची चिकूची शेड आहे. आसपासच्या वाड्यांमधून फळ येतं. ते धुवायचं, वाळवायचं, आकाराप्रमाणे निवडायचं आणि पेट्यांमध्ये भरायचं. मोठं ते एक नंबर, मधलं ते दोन नंबर, सगळ्यात बारीक ती गोळी. क्रेटवरच्या चिठ्ठ्या मी लिहितो. माझी शाळा सातवीत सुटली, पण लिहिणं सुटलं नाही. रोज एक पान. हवा कशी होती, फळ कुठून आलं, कोण काय बोललं. वहीत मी खाडाखोड करत नाही. चुकलं तर त्याखाली दुसरी ओळ लिहायची, वरची तशीच राहू द्यायची.

मथीबाई निवडणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या. त्यांचा हात चिकूवरून फिरतो आणि चिकू बरोबर आपल्या क्रेटमध्ये जाऊन पडतो, डोळे भलतीकडेच असतात. सालीवरची भुरी पूड घशात जाते म्हणून दिवसभर कोरडं खोकतात. जिग्नेश झाईचा. टेम्पो चालवतो. घरी गुजराती, बाजारात मराठी, राग आला की दोन्ही. मनीषा वेवजीची. एम.कॉम. झालीय, स्कूटीवरून येते आणि मालाची नोंद कॉम्प्युटरवर करते. संजू तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. अठ्ठावीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, पेट्या भरायला त्याच्यासारखा माणूस नाही.

आणि पाचवा, जो कधी शेडमध्ये आला नाही, तो म्हणजे मुंबईचा रॅपर, एमसी गंज. त्याचे सहा अल्बम आहेत. जिग्नेशच्या टेम्पोच्या स्पीकरमधून तो आमच्याकडे आला आणि त्याच्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी आमच्याकडे शेडमालक शेठच्या बागेच्या वाटणीवरूनही झाली नाहीत!

*

सुरुवात अशी झाली. जेवणाच्या सुट्टीत जिग्नेश म्हणाला, "गंजभाईचे पहिले दोन अल्बम. बस. पुढे नुसतं नाव चाललं."

मनीषाने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत त्याचा प्राइम आहे. पहिल्या दोनमध्ये तो फक्त ओरडतोय."

"ओरडतोय? शुं बोलते तू, मनीषाबेन! ती भूक आहे, भूक!"

मला प्राइम म्हणजे काय ते कळेना. संजूने समजावलं. "काका, चिकूला फळ बारा महिने असतं, बरोबर? पण मध्येच काही महिने असे येतात की फांदी वाकून जमिनीला लागते. ती बहार. तसं रॅपरचं. गाणी तो कधीही काढेल, पण त्याची बहार कुठली, एवढंच ठरवायचंय."

तेव्हापासून आमच्यात प्राइम नाही, बहारच.

वाद तासभर चालला. मथीबाईंनी शेवटी विचारलं, "तो माणूस जिवंत आहे ना?"

"हो मावशी. तिशीतलाय," मनीषा म्हणाली.

"मग आत्ताच ठरवायची घाई कसली?"

*

माझ्या वहीला या वादात कोर्टाचा मान मिळाला तो जिग्नेशमुळे.

एका सकाळी तो टेम्पोतून उतरता उतरताच सांगायला लागला, "तिसरा अल्बम परत ऐकला. काका, सोनं आहे. मी पहिल्यापासून म्हणतच होतो."

मनीषा नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी वही काढली, पानं मागे उलटली आणि वाचलं: "सोमवार. ढगाळ. जिग्नेश म्हणाला, तिसरा अल्बम म्हणजे गुरांना घालायचा माल."

शेड हसली. जिग्नेश जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, ते खोडा ने."

"खोडत नाही. खाली काही लिहायचं असेल तर सांग."

त्याने विचार केला. "लिहा. जिग्नेशला त्या दिवशी ताप होता."

ते मी लिहिलं. पण गंमत अशी, की त्यानंतर त्या वहीत जिग्नेशला इतक्या वेळा ताप आलेला आहे, की वाचणाऱ्याला वाटेल याला मलेरिया होता!

*

मग मनीषाने नियम केले. बहार म्हणायची तर सलग तीन अल्बम हवेत आणि त्यात एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटता कामा नये. एक जरी स्किप केलं तरी बहार तुटली.

"मंजूर," जिग्नेश म्हणाला. "दुसरा अल्बम लावतो. चिखले ते डहाणू. फोनला हात लावणार नाही. तू बस बाजूला, अंपायर."

मनीषाला बँकेत जायचंच होतं. ती बसली. पुढचं तिने परत आल्यावर सांगितलं.

पाच गाणी जिग्नेश डोलत होता. सहावं गाणं सुरू झालं. ते गंजने कुठल्याशा गायिकेबरोबर केलेलं प्रेमाचं गाणं आहे आणि जिग्नेशला ते सहन होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्याची बोटं स्टिअरिंगवर वळवळायला लागली. एकदा हात फोनपर्यंत गेला आणि परत आला. शेवटी त्याने एका रसवंतीसमोर टेम्पो थांबवला, गाणं तसंच चालू ठेवून उतरला, उसाचा रस मागवला, सावकाश प्यायला. आत मनीषा एकटी ते प्रेमाचं गाणं ऐकत बसलेली! सातवं सुरू झाल्यावर तो परत येऊन बसला.

"हे स्किपच झालं," मनीषा म्हणाली.

"कुठे? गाणं पूर्ण वाजलं ने? मी फक्त उतरलो!"

यावर निकाल अजून लागलेला नाही. नियमात 'ऐकणाऱ्याने जागेवर असावं' असं लिहिलेलं नव्हतं, ही चूक मनीषाने मान्य केली.

*

आता पालथी चिठ्ठी. ही माझी पद्धत.

पूर्वी क्रेटवर चिठ्ठी सरळ लावलेली असायची. फळ कुठल्या वाडीचं ते निवडणारीला दिसायचं. शेठच्या स्वतःच्या बागेचा क्रेट आला की दोन नंबरचं फळही एक नंबरमध्ये जायचं. कुणी सांगितलेलं नव्हतं, हातच तसा वळायचा. आणि एखाद्या गरीब वाडीचा क्रेट आला की चांगलं फळ खाली. मी मथीबाईंशी बोललो आणि चिठ्ठ्या पालथ्या ठेवायला लागलो. आधी फळ निवडायचं, मग चिठ्ठी उलटून नाव बघायचं. पहिल्या आठवड्यात शेठचा माल इतका खाली आला की त्यांनी वजनकाटा तपासून घेतला!

हीच पद्धत मनीषाने गाण्यांना लावली. फोन रिकाम्या क्रेटमध्ये ठेवायचा, वर माझ्याकडून गाण्याचं नाव लिहून घेतलेली चिठ्ठी पालथी. ऐकायचं आणि सांगायचं, बहारीतलं की नाही.

पहिल्याच दिवशी तिने एक गाणं लावलं. जिग्नेशने डोळे मिटले. अर्ध्यातच हात वर केला.

"पहिला अल्बम! आता नाही असं कुणी लिहीत. पोटात काही नाही तेव्हाच माणूस असं लिहितो. काका, लिहा."

मी लिहिलं. चिठ्ठी उलटली. सहावा अल्बम. गेल्याच महिन्यात आलेला, ज्याबद्दल जिग्नेश म्हणाला होता की गंज आता एसीत बसून लिहितो.

जिग्नेश म्हणाला, "काका, ते खोडा."

"ताप लिहू का?"

"लिहा."

*

समुद्राकडच्या एका घरगुती लॉजमध्ये उतरलेले दोन मुंबईकर एकदा चिकू घ्यायला आले. तरुण, कानात पांढरे इअरबड. आमचा वाद ऐकून थांबले. त्यातला एक म्हणाला, "सिंपल आहे. रॅपर सत्तावीसपर्यंत. नंतर तो फक्त रिपीट करतो. जगात कुणाचंही बघा."

जिग्नेशला हे आवडलं. मनीषा वाद घालायला उठली. संजू पेटी भरत होता. त्याने वर पाहिलं नाही.

मथीबाईंनी त्या मुलाला विचारलं, "तुझ्या हातात जो चिकू आहे, ते झाड किती वर्षांचं असेल?"

"दहा?"

"माझं लग्न होऊन मी या वाडीत आले, तेव्हा त्याच्या सावलीत बसून जेवले होते. त्याला जाऊन सांग, सत्तावीसला थांबायचं होतं म्हणून."

मुलगा हसला आणि त्याने दोन किलो जास्त घेतले. संजूला त्या महिन्यात अठ्ठाविसावं लागलं होतं, हे मला वही बघूनच कळलं.

*

संजूबद्दल सांगायला हवं, कारण तोही रॅपर आहे. की होता, यावरच तर सगळं अडलेलं.

शेडला लागून रद्दीची खोली आहे. पेटीत चिकूखाली घालायला जुनी वर्तमानपत्रं लागतात, त्यांचे गठ्ठे तिथे खालपासून वरपर्यंत रचलेले असतात. चारी बाजूंनी कागद, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. निवडणाऱ्या बायका आणि ती खोली यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. तीन वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात संजूने त्या खोलीत बसून, फोनवर, चार गाणी केली. थोडी मराठी, थोडी त्याच्या घरची भाषा. गळ्याच्या शिरा फुगवून म्हणायचा. तलासरीच्या लग्नांमध्ये डीजेने ती लावली. झाईच्या पोरांनी त्यावर रील काढल्या. जिग्नेश टेम्पोवर त्याचं नाव रंगवून घेणार होता!

मग त्याला मुलगी झाली. वडील आजारी पडले. पाड्यावरचं घर गळायला लागलं. पुढची तीन वर्षं एकही गाणं नाही. अधूनमधून रद्दीच्या खोलीत जायचा, परत यायचा, पेट्या भरायचा.

एकदा गंजच्या बहारीवर बोलता बोलता जिग्नेश म्हणाला, "आपल्या संजूचं सोपं आहे. बहार एक हिवाळा. वाद संपला!"

सगळे हसले. संजूही हसला.

त्या दिवशीच्या पानावर माझ्या हातची एवढीच नोंद आहे: "ऊन. संजू हसला. दुपारी त्याच्या एक नंबरच्या पेटीत दोन नंबरचं फळ निघालं. आठ वर्षांत पहिल्यांदा."

*

आता हा शेवटचा.

एका गुरुवारी संजूने सांगितलं, की गुजरातच्या हद्दीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात त्याचं काम झालंय. सोमवारपासून. बारा तासांची पाळी. कायम होण्याची शक्यता आहे. मनीषाने अभिनंदन केलं. जिग्नेश म्हणाला, "सरस. रोज सकाळी झाईवरून मीच नेतो तुला."

"आणि गाणं?" मथीबाईंनी विचारलं.

"ते बघू, मावशी."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने एक रिकामा क्रेट मध्ये आणून ठेवला. आत त्याचा फोन, वर एक पालथी चिठ्ठी. फोन त्याने टेम्पोच्या स्पीकरला जोडला होता.

"शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "एक गाणं आहे. बहारीतलं आहे, की बहार संपून गेल्यावरचं, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानणार. घरी तसं सांगून आलोय."

"कुणाचं आहे?" जिग्नेश म्हणाला.

"चिठ्ठी पालथी आहे, जिग्नेशभाई."

गाणं लागलं. गंजसारखंच जड ढोलकं. पण आवाज अगदी खालच्या पट्टीत, ओरडणं नाही, बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. कारखान्याच्या गेटवर रांगेत उभा असलेला एक माणूस. त्याची पाळी येते आणि तो मागच्याला पुढे जायला सांगतो. परत पाळी येते, परत तेच. दोन ओळी मी ऐकता ऐकताच उतरवून घेतल्या:

नाव विचारलं, नंबर सांगितला.
नंबर विचारला, गप्प राहिलो.

गाणं संपलं. जिग्नेश हातातली पोळी तशीच धरून बसला होता.

"गंजभाई," तो म्हणाला. "दुसऱ्या अल्बमच्या वेळचं, न आलेलं. कुठून तरी बाहेर पडलंय. शंभर टक्के."

"गंज इतक्या शांतपणे कधी म्हणाला?" मनीषा म्हणाली. "हा आत्ताचा आहे. आणि ही त्याची दुसरी बहार आहे. कुणाला दुसरी येत असेल तर अशीच येते."

"पहिली असो की दुसरी, बहारीतलंच आहे. काका, लिहा. जिग्नेश म्हणतो, हा माणूस भर बहारीत आहे. हे ज्याला कळत नाही त्याने गाणी ऐकू नयेत."

मी शब्दन् शब्द लिहिला. मग संजूकडे पाहिलं. तो क्रेटच्या काठावरची सुटलेली पट्टी बोटाने दाबून बसवत होता.

"परत लाव," मथीबाई म्हणाल्या.

त्याने परत लावलं. आम्ही जेवत असलो तरी मथीबाईंचे हात सवयीने समोरच्या ढिगावर चालू होते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गाणं क्षणभर थांबतं, तिथे त्यांचे हातही थांबले. मी त्यांचे हात थांबलेले कधी पाहिले नव्हते.

"तिथे मागे कोण खोकतंय?"

कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. संजूने फोन उचलला, तेवढाच तुकडा मागे नेला, आवाज वाढवला. ढोलकं थांबतं. मग फळ्यांपलीकडून यावा तसा कोरडा खोकला, दोनदा. मग क्रेट सरकवल्याचा आवाज. मग परत गाणं.

"ती मी आहे," मथीबाई म्हणाल्या.

मनीषाने चिठ्ठी उलटली. आमच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात असतात. ही नव्हती. तिने मोठ्याने वाचली: "संजू. रद्दीची खोली. गेला मंगळवार."

जिग्नेशने पोळी डब्यात ठेवली, हात पँटला पुसले आणि माझ्याकडे आला. वही माझ्या मांडीवर उघडीच होती. वाकून त्याने मघाची ओळ वाचली. बोट ओळीखाली धरून, हळूहळू, दोनदा.

मी पेन हातात घेतलं. "सांग. ताप लिहू?"

जिग्नेशने मान हलवली.

"खोडत मी नाही, तुला माहितीय," मी म्हणालो.

"मी कुठे म्हटलं?" तो म्हणाला. "राहू द्या तसंच. खोडू नका."